जुन्या डॉस मशीनची कॉन्फिग.सिस उडाली आहे, खतावणी उघडत नाही. मदत हवी

खतावणी

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत लेखनिक आहे. आमच्याकडे १९९७ ते २००४ ची सगळी खाती एका जुन्या पेंटियम मशीनवर आहेत. डॉस ६.२२ (कमांड टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि क्लिपर या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम. २००४ नंतर नवीन सॉफ्टवेअर आलं, जुनं मशीन कोपऱ्यात गेलं. आता एका मयत खातेदाराच्या मुलांना १९९९ च्या ठेवीचा उतारा हवाय. पावती त्यांच्याकडे आहे, पण आमची कागदी वही पावसात भिजून गेली. म्हणजे पुरावा त्या मशीनमध्येच.

तीन वर्षांनी मशीन लावलं तर पडद्यावर सीमॉस चेकसमची चूक आली (बोर्डवरची बॅटरी संपून मशीनची सेटिंग उडाली की येते ती). ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सेटिंग केलं, मशीन चालू झालं. मग डिस्क भरलेली दिसते म्हणून त्याने सी ड्राइव्हवरच्या ‘फालतू’ फाईली काढल्या. कुठल्या ते विचारलं तर म्हणे सगळ्या .बॅट आणि .सिस. तेव्हापासून:

चालू केल्यावर मशीन आधी तारीख विचारतं, मग वेळ विचारतं. पूर्वी कधीच विचारत नव्हतं, थेट आमचा मेनू यायचा. आता नुसतं सी वर येऊन थांबतं. मी हाताने फोल्डरमध्ये जाऊन प्रोग्राम चालवला तर मेनू येतो, पण ठेवीचा उतारा मागितला की उघडण्यात चूक आणि ‘डॉस एरर ४’ असं येऊन बाहेर पडतं.

दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारून नवीन डॉस टाकू. मी नको म्हटलंय. माझं बरोबर आहे ना?

जुनं_यंत्र

ताई, शंभर टक्के बरोबर. आता एकच करा: मशीन बंद करा आणि मी सांगेपर्यंत चालू करू नका. प्रोग्राम तर अजिबात उघडू नका.

घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या लक्षणांवरून खाती जागेवर आहेत असं दिसतंय. मशीन तारीख विचारतं याचा अर्थच मुळात ऑटोएक्झेक.बॅट, म्हणजे चालू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची फाईल, गेली. डॉसचा नियम असा की ती फाईल सापडली नाही तर कमांड.कॉम (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा डॉसचा प्रोग्राम) स्वतः तारीख आणि वेळ विचारतं. फाईल असेल तर विचारत नाही.

आणि डॉस एरर ४ म्हणजे एकाच वेळी मर्यादेपेक्षा जास्त फाईली उघडायला मागितल्या. कॉन्फिग.सिसमध्ये ‘फाईल्स=’ ही ओळ नसेल तर डॉस फक्त ८ धरतो, त्यातल्याही काही जागा त्याच्या स्वतःच्या कामाला लागतात. तुमचा उतारा काढताना खातेदारांची फाईल, ठेवींची, व्याजदरांची, शिवाय प्रत्येकीची अनुक्रमणिका, अशा दहा-पंधरा फाईली एका दमात उघडत असणार. म्हणून मेनू येतो आणि उताऱ्याला अडतो. प्रोग्राम चांगला आहे, डेटा चांगला आहे. त्याला हातपाय पसरायला जी जागा आखून दिली होती ती आखणी पुसली गेली आहे.

डॉस उठतो कसा ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बायोस, म्हणजे बोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. तिथून आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस या दोन फाईली मेमरीत येतात. मग कॉन्फिग.सिस वाचली जाते: मेमरी कशी वापरायची, किती फाईली, कुठले ड्रायव्हर. मग कमांड.कॉम येतं आणि ते ऑटोएक्झेक.बॅट चालवतं. तुमच्या त्या माणसाने .सिस काढल्या तरी मशीन उठतंय, कारण पहिल्या दोन लपवलेल्या असतात आणि साध्या डिलीटला दिसत नाहीत. नशीब.

खान्देशी

दोन्ही फाईली मिळून वीस ओळींच्या असतात. शोधाशोध कशाला? नवीन लिहा. हायमेम, ईएमएम३८६, डॉस=हाय, फाईल्स=८०, बफर्स=३०, झालं. मी जळगावला नव्वदच्या दशकात दिवसाला चार मशीनं अशी उठवायचो.

जुनं_यंत्र

दादा, तुमच्या हातून दिवसाला चार उठत असतील यात शंका नाही. तुम्हाला समोरच्या मशीनमध्ये काय बसवलंय ते ठाऊक असायचं. इथे ज्याने ते मशीन लावलं तो माणूस आता नाही, आणि ताईंना त्यातलं काहीच माहीत नाही. फाईल्स=८० लिहून उतारा निघेलही. पण क्लिपरला आणखी एक आकडा लागतो, तो ऑटोएक्झेकमध्ये ‘सेट क्लिपर=एफ:’ पुढे लिहिलेला असतो, आणि दोन्हीतला जो लहान तोच चालतो. कुणी एक वाढवून दुसरा विसरला की पुन्हा तोच एरर ४, आणि माणूस म्हणतो डेटा खराब झाला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं उदाहरण देतो. शेल= या ओळीच्या शेवटी /पी असतं. ते राहिलं तर कमांड.कॉम येतं खरं, पण ऑटोएक्झेक चालवतच नाही. ओळ दिसायला बरोबर, फाईल जागेवर, तरी काहीच होत नाही. याच ओळीत /ई: पुढे एन्व्हायर्नमेंटची जागा लिहिलेली असते, ती कमी पडली की पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) अर्धाच बसतो.

हे आकडे कुणीतरी एकेक करून, चुकत-माकत, त्या मशीनवर बसून ठरवलेले असतात. ते मिळण्यासारखे असतील तर आधी तेच मिळवायचे. नवीन लिहिणं कधीही हातात आहेच.

खान्देशी

मान्य. /पी चा फटका मीही खाल्लाय.

खतावणी

मशीन बंद केलं. पण काका, डिलीट झालेली फाईल परत येते? रीसायकल बिन तर डॉसमध्ये नाही.

जुनं_यंत्र

येते, आणि ही तर हमखास येण्याच्या जातीची आहे. डॉस फाईल काढतो म्हणजे तिचा मजकूर पुसत नाही. फोल्डरच्या यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतो आणि फाईल ज्या तुकड्यांत ठेवली होती त्यांची साखळी ‘मोकळी’ म्हणून मांडतो. मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो, दुसरं काही त्याच्यावर लिहिलं जाईपर्यंत. मशीन बंद करा म्हटलं ते एवढ्यासाठीच.

मोठ्या फाईलची साखळी तुटली की कुठला तुकडा कुठल्यापुढे ते कळत नाही. पण तुमची डिस्क १ जीबीहून मोठी असेल तर डॉस ६.२२ मध्ये एकेक तुकडा ३२ केबीचा. कॉन्फिग.सिस असते अर्ध्या केबीची. म्हणजे अख्खी फाईल एकाच तुकड्यात, साखळीचा प्रश्नच नाही. तुकडा सापडला की फाईल सापडली.

डॉस ६.२२ मध्येच अनडिलीट नावाची कमांड आहे. ती विचारेल की पहिलं अक्षर कुठलं होतं, तेवढं सांगायचं. पण ती मूळ डिस्कवर चालवायची नाही. आधी डिस्क काढून यूएसबी-आयडीई अडॅप्टरने लिनक्सच्या लॅपटॉपला लावा, डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत घ्या, मूळ डिस्क कपाटात ठेवा. सगळे प्रयोग प्रतीवर. घरात कुणी लिनक्सवाला आहे का?

खतावणी

भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, शनिवारी येतोय. त्याला धाग्याची लिंक पाठवली.

सोल्डर

ताई, डिस्क काढायच्या आधी एक काम. बायोसमध्ये जाऊन हार्डडिस्कपुढे काय लिहिलंय ते मोबाईलने फोटो काढून ठेवा: सिलिंडर, हेड, सेक्टर आणि डिस्कवरच्या जागा मोजायची पद्धत नॉर्मल, एलबीए की लार्ज. मशीन उठतंय म्हणजे आत्ता जे बसलंय ते बरोबर आहे. बॅटरी बदलताना ते उडेल. एलबीएवर फॉरमॅट केलेली डिस्क कुणी नॉर्मलवर लावली की सगळं विस्कटलेलं दिसतं, आणि त्या अवस्थेत डिस्कवर काही लिहिलं गेलं तर मात्र खरंच वाट लागते.

बॅटरी नाण्यासारखी असेल तर सीआर२०३२, ३ व्होल्टची, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. पण ३८६, ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर निळी किंवा हिरवी पिंपासारखी, सोल्डर केलेली बॅटरी असते. ती निकेल-कॅडमियमची. ती फुटून गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते. तशी दिसली तर ती काढून टाकणं हेच पहिलं काम. गळलेल्या जागी थोडं व्हिनेगर लावून मग स्वच्छ करायचं. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या माळ्यावरचं मशीन उघडून एकदा बघाच. दरवर्षी चांगले बोर्ड निव्वळ यामुळे मरतात, आणि जीव तुटतो.

जुनं_यंत्र

सोल्डर यांनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोडून भाच्यासाठी एक इशारा. प्रत उघडल्यावर सी मध्ये मोजक्याच फाईली आणि ड्राइव्हस्पेस किंवा डबलस्पेस नावाची .००० अशी एक प्रचंड लपवलेली फाईल दिसली तर ती ‘जागा खाणारी’ समजून काढू नकोस. ते कॉम्प्रेस केलेलं अख्खं सी असतं, त्या एका फाईलच्या पोटात.

शिवाय अनडिलीटच्या आधी जुन्या प्रती शोध. ‘डिर सी:\कॉन्फिग.* /एस /ए’ चालव. त्या काळी नवीन प्रोग्राम बसला की जुनी फाईल .ओल्ड, .बॅक, .००१ अशा नावाने ठेवून द्यायचा. मेममेकर (डॉसचं मेमरी नीट मांडून देणारं साधन) वापरलं असेल तर त्याने .यूएमबी नावाने ठेवलेली असते. कधी कधी तिथेच काम होतं.

वजनकाटा

धाग्याला धरूनच आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्याकडे ट्रकच्या वजनकाट्याला एक एक्सपीचं मशीन आहे, सिरीयल पोर्टवरून काटा वाचतं. डिस्क खरखर करायला लागली म्हणून नवीन डिस्कवर क्लोन केली. आता चालू करताना सिस्टम३२ मधली एचएएल.डीएलएल नाही किंवा खराब आहे म्हणतं. ती फाईल दोनदा कॉपी केली. फरक शून्य.

जुनं_यंत्र

ती फाईल बहुतेक करून ठणठणीत आहे. एक्सपी तिला चुकीच्या पत्त्यावर शोधतोय. एक्सपीमध्ये एनटीएलडीआर (विंडोज उठवणारी फाईल) आधी बूट.आयएनआय वाचतो. त्यात अशी ओळ असते:

मल्टी(०)डिस्क(०)आरडिस्क(०)पार्टिशन(१)\विंडोज

यातले डिस्कचे आकडे शून्यापासून मोजतात आणि पार्टिशनचा एकपासून. इथेच लोक फसतात. क्लोन करताना पुढे एखादं छोटं पार्टिशन तयार झालं असेल तर विंडोज आता दोन नंबरवर आहे, आणि फाईल अजून एक म्हणतेय. तिथे विंडोज फोल्डरच नाही, म्हणून पहिली जी फाईल लागते तिच्याच नावाने ओरड होते.

एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जा, ‘मॅप’ देऊन पार्टिशनांचा क्रम बघ, मग ‘बूटसीएफजी /रीबिल्ड’. जुनी डिस्क मात्र पुसू नका अजून.

डिस्कला हात न लावता खात्री करायची तर माझी आवडती युक्ती: चालू असलेल्या दुसऱ्या एक्सपीवर एक फ्लॉपी फॉरमॅट करा आणि तिच्यावर तीनच फाईली ठेवा, एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट.कॉम आणि हाताने दुरुस्त केलेली बूट.आयएनआय. फ्लॉपी डॉसवर फॉरमॅट केलेली चालत नाही, तिचा पहिला सेक्टर एनटीएलडीआर शोधत नाही. या फ्लॉपीवरून मशीन उठलं म्हणजे निदान पक्कं. मग तीच बूट.आयएनआय डिस्कवर ठेवायची.

वजनकाटा

दोन नंबरच होतं! फ्लॉपीच्या युक्तीने पहिल्या झटक्यात उठलं. ट्रकांची रांग लागली होती, फार उपकार झाले.

छापखाना

आमच्या प्रेसमध्ये विंडोज ९८ चं मशीन जुन्या दिवाळी अंकांच्या फाईलींसाठी ठेवलंय. त्यात एमएसडॉस.सिस उघडली तर खाली एक्स एक्स एक्स अशा ओळीच ओळी. व्हायरस का?

सोल्डर

नाही नाही, त्या तशाच राहू द्या. विंडोज ९५ पासून ती फाईल साधी मजकुराची झाली, पण काही जुने प्रोग्राम ती १०२४ बाइटपेक्षा मोठी असेल हे गृहीत धरतात, म्हणून एक्स भरून लांबी वाढवली आहे. तिथेच वर तसं लिहिलेलंही असतं. आणि ९८ कधी रजिस्ट्रीपाशी अडलं तर चालू होताना कंट्रोल दाबून धरा, कमांड प्रॉम्प्ट निवडा, ‘स्कॅनरेग /रीस्टोअर’ द्या. शेवटच्या पाच चांगल्या प्रती त्याने स्वतःच ठेवलेल्या असतात.

खान्देशी

फाईल दुरुस्त करताना आणखी एक सांभाळा. डॉसचं एडिट वापरा, वर्डस्टार नको. वर्डस्टारमध्ये फाईल डॉक्युमेंट म्हणून उघडली की शब्दांच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट बदलतो. पडद्यावर सगळं नीट दिसतं आणि डॉस दर ओळीला ‘ही कमांड ओळखीची नाही’ म्हणतो. वर्डस्टारच हाताशी असेल तर डी नाही, एन दाबून नॉन-डॉक्युमेंट उघडा. एका सहकारी दूध संघाच्या मशीनवर अख्खी रात्र मी यात घालवली आहे.

आणि ६.२२ वर नवीन कॉन्फिग तपासताना ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताक्षणी एफ८ दाबा. एकेक ओळ विचारून पुढे जातो. कुठली ओळ अडते ते लगेच कळतं. एफ५ दाबलं तर दोन्ही फाईली ओलांडून जातो.

खतावणी

शनिवारी रात्री उशीर झाला म्हणून आज लिहितेय. सविस्तर लिहिते, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत.

बायोसचे फोटो काढले. एलबीए होतं. डिस्कच्या लेबलवर २४८४, १६, ६३ असे आकडे, म्हणजे १.२ जीबी. भाच्याने प्रत काढली, एकही खराब सेक्टर नाही. त्या प्रतीची आणखी एक प्रत करून ती लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवली. जुन्या नावाच्या प्रती शोधल्या, एक कॉन्फिग.ओल्ड मिळाली, पण ती १९९७ ची, त्यात फाईल्स=३० होतं. म्हणजे तेवढ्यावर थांबलो असतो तर चुकीचीच बसवली असती.

मग अनडिलीट. यादीत पहिलं नाव आलं आणि त्याच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह, पुढे ऑन्फिगची अक्षरं. सगळे तुकडे मोकळे आहेत, परत आणू का, असं विचारलं. वाय दाबलं. पहिलं अक्षर? सी दाबलं. दुसऱ्या फाईलला ए. दोन्ही आल्या. मला माहीत नाही हे लिहावं की नाही, पण माझ्या अंगावर काटा आला.

फाईल अशी आहे:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
कंट्री=०४४,,सी:\डॉस\कंट्री.सिस
फाईल्स=८०
बफर्स=३०
शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:१०२४ /पी

आणि ऑटोएक्झेकमध्ये सेट क्लिपर=एफ:७५. कंट्री=०४४ कशासाठी? आपण तर ९१.

जुनं_यंत्र

वा ताई! भाच्याची पाठ थोपटा.

०४४ म्हणजे ब्रिटन. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी यावी म्हणून आपल्याकडे लोक ती ओळ घालायचे. ती नसली की डॉस अमेरिकी पद्धतीने महिना आधी घेतो. आता हे नीट आठवून सांगा: कॉन्फिग गेल्यानंतर मशीनने तारीख विचारली तेव्हा तुम्ही काय टाकलीत? ७ ऑगस्टला ०७-०८ टाकलं असेल तर मशीनने ८ जुलै धरली. डॉसने कुरकुर केली नसेल, कारण ती तारीखही खरीच आहे. त्या दिवशी व्याजाची किंवा कसली नोंद सेव्ह झाली का?

खतावणी

बापरे. मी दिवस आधी टाकला होता, सवयीने. पण नोंद काहीच केली नाही, उताऱ्यालाच अडलं. भाच्याने आत्ता प्रतीत फाईलींच्या तारखा बघितल्या. डेटाच्या सगळ्या फाईली २००४ च्याच आहेत, एकीलाही नवीन तारीख नाही.

जुनं_यंत्र

मग निर्धास्त राहा. बॅटरी नवी घातली की बायोसमध्येच तारीख भरा, डॉसवर सोडू नका. दोन्ही फाईली मूळ डिस्कवर ठेवायच्या आधी एका फ्लॉपीवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि छापून मशीनच्या डब्याच्या आत चिकटवा. आम्ही पूर्वी असंच करायचो. दहा वर्षांनी कुणी झाकण उघडलं तर कागद समोर येतो.

खतावणी

आज मूळ मशीनवर फाईली ठेवल्या. एफ८ ने एकेक ओळ तपासली, मग नेहमीसारखं चालू केलं. तारीख विचारली नाही. थेट मेनू आला, तोच निळा. १९९९ ची ठेव निघाली, मुदत, दर आणि रक्कम पावतीशी जुळते. मुलांना उद्या बोलावलंय.

एक सांगायचं राहिलं. ऑटोएक्झेकमध्ये वरच्या बाजूला रेमची (मशीन सोडून देतं अशी, माणसासाठीची टीप) एक ओळ आहे, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘फाईल्स ८० च्या खाली नेऊ नये, मार्चचे व्याज अडकते’. आमचे जुने लेखनिक संगणक शिकले ते पन्नाशीनंतर, याच मशीनवर. तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या घरी तो कागद घेऊन गेले होते आज संध्याकाळी. काकूंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.